सातनंतर फोन आईजवळ असतो

नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंडी होती आणि डोकं तापलेलं होतं. त्याच सकाळी पाचव्या कंपनीनं मला तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं. कारण तेच... अनुभव नाही. अरे, पण कुणी घेतलंच नाही तर अनुभव काय झाडाला लागतो?

नांदेडला मी सहा महिने सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास केला होता. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेलं ॲप वापरून त्यातल्या चुका शोधायच्या. चुका काढण्यात मी लहानपणापासून हुशार, असं आई म्हणते. पण वडिलांनी, अण्णांनी, मी आमच्या मुखेडहून निघतानाच सांगितलं होतं, "रुद्राणी, पाडव्यापर्यंत बघ. न्हाई जमलं तर स्थळ बघतो." पाडव्याला तीन महिने उरले होते. लातूरला शिकणाऱ्या धाकट्या बहिणीला, आरतीला, डहाळा द्यायचा आणि परत फिरायचं, एवढंच माझं त्या दिवशीचं काम होतं.

लोह्याला शेजारच्या सीटवर एक जण येऊन बसला. चष्मा, चौकटीचा शर्ट, हातात फोन. दहा मिनिटं त्याची नुसती चुळबुळ चालली होती.

"ताई... पाच मिनिटं हे ॲप चालवून बघता का? मीच बनवलंय."

"बघते. पण ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"अहमदपूर येईपर्यंत काहीच म्हणू नका."

तो हसला. हसताना गालाला छान खळी पडली... मी लगेच फोनकडं बघितलं.

लातूरला क्लाससाठी बाहेरगावच्या पोरी वसतिगृहात राहतात, त्यांच्यासाठी ते ॲप होतं. पोरीनं सुट्टी मागायची, घरच्यांच्या फोनवर मेसेज जाणार, त्यांनी 'हो' दाबलं की रेक्टर मॅडमच्या यादीत तिच्या नावापुढं 'घरी गेली' अशी नोंद होणार. मी जन्मतारीख पुढच्या वर्षीची टाकली. ॲपनं गुपचूप घेतली.

"बघा, ही पोरगी अजून जन्मायची हाय, आन् तुमच्या वसतिगृहात राहायलीय!"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच. हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबेनं चिकट झालेल्या माझ्या बोटांचे ठसे त्याच्या फोनवर उमटले होते, ते त्यानं पुसले नाहीत.

"आमच्याकडं टेस्टर न्हाई," तो हळूच म्हणाला. "तुम्ही... येता का?"

त्याचं नाव अनय. आईवडील दोघं लातूरला शिक्षक, हा एकुलता एक. त्यानं चंद्रप्रभा मॅडमना माझ्याबद्दल सांगितलं. कंपनी त्यांचीच, लातूरातली, दोन खोल्यांची. मॅडमनी मला एक महिना बघायचं ठरवलं. अनयच्या शब्दावर, हे त्यांनी मला स्पष्टच सांगितलं.

तो महिना! माझी खुर्ची त्याच्या पाठीमागं होती. मी चूक शोधली की तो मान न वळवता विचारायचा, "आता काय मोडलंस?" तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. चहा आला की माझा कप तो आधी माझ्याजवळ सरकवायचा, मग स्वतःचा उचलायचा. चुकीची नोंद कशी लिहायची, ते त्यानंच शिकवलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. राग नाही लिहायचा, फक्त झालं ते लिहायचं. मला तेच लई अवघड जायचं!

महिना संपायला एक दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाचे संचालक ॲप बघायला येणार होते. दुपारी मी शेवटची तपासणी करत होते. दोन पोरींची नावं टाकायची होती, म्हणून आरती आणि रुद्राणी टाकली. घरचा नंबर दोघींना एकच दिला, अण्णांचा. दुसरा आहेच कुठं? मग आरतीची सुट्टी मागितली, अण्णांच्या वतीनं 'हो' दाबलं... आणि यादीत दोघी घरी गेल्या.

हा भाग अनयनं लिहिला होता. ज्यानं मला इथं आणलं, त्याचंच काम मी आदल्या दिवशी पाडायचं? खाल्ल्या घरचे वासे मोजायचे? शिवाय उद्या माझाही निकाल होता. मी स्क्रीन बंद केली. पुन्हा उघडली. समजा, आम्ही दोघी तिथं राहतोय, आरती गावी गेलीय आणि मी क्लासहून परत आलेच नाही, तर? रेक्टर मॅडम यादी बघतील, 'घरी गेली' वाचतील आणि निवांत बसतील. मला कुणी शोधणारच नाही.

मी त्याच्या टेबलाशी गेले.

त्यानं बघितलं. स्वतः पुन्हा 'हो' दाबून बघितलं. मग म्हणाला, "उद्या दाखवून झाल्यावर सांगितलंस तर...?"

"अनय, तुमच्या घरी माणशी एक फोन हाय. आमच्या घरी चार माणसांत एक हाय! त्या वसतिगृहात माझ्यासारख्याच पोरी राहतात."

आवाज जरा जास्तच चढला. आतून चंद्रप्रभा मॅडम बाहेर आल्या. झालं! गेली नोकरी, असंच वाटलं मला. अनय उठला.

"मॅडम, चूक माझी हाय. एक नंबर म्हणजे एक पोरगी, असं धरून बसलो मी. रुद्राणीनं पकडलं. उद्याचं पुढं ढकलावं लागंल."

मॅडमनी दोघांकडं बघितलं आणि संचालकांना फोन लावला. आठ दिवस मिळाले. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "तुझं नेमणुकीचं पत्र उद्या घेऊन जा. कायमचं."

मला रडूच आलं. अनयनं चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "उपकार झाले गं तुझे," तो म्हणाला. मी म्हटलं, "उलटं बोलायलास."

पत्र घेऊन गावी निघाले, तेव्हा तो स्टँडवर आला. मी खिडकीशी बसले, तो खाली उभा.

"रुद्राणी... माझ्या आईला तुमच्या घरी फोन करायचाय."

"कशाला?"

"तुला म्हाईत हाय कशाला. मला तू आवडतेस. त्या दिवशी एसटीत, चाकूर यायच्या आधीपासून."

"ताई म्हणाला होतास."

"लई मोठी चूक! नोंद करून ठेव." मग चाचरत म्हणाला, "घरी एकच फोन... कोण उचलंल?"

बस हलली. माझे कान तापले होते. मी खिडकीतून ओरडले, "दिवसभर अण्णांच्या खिशात असतो. सातनंतर आईजवळ!"

त्या संध्याकाळी अण्णांनी पत्र तीनदा वाचलं आणि देवापुढं ठेवलं. स्थळाचा विषय निघाला नाही. सव्वासातला फोन वाजला. आईचे दोन्ही हात पिठात. "रुद्राणी, उचल गं!"

पलीकडून बाईचा मऊ आवाज आला. "मी अनयची आई. कोण बोलतंय?"

"मी... रुद्राणी."

"बरं झालं तूच उचललास. तुझ्या आईशी बोलीनच. पण आधी तुला विचारते, बाळ. आम्ही आलेलं चालंल का?"

मला आजवर असं आधी कुणी विचारलं नव्हतं. चुलीपाशी आई माझ्याकडं बघत होती.

"हाव," मी म्हटलं. "या."