ओंकारची उंची

मुरूडच्या बाजारात प्रज्योतचं दुकान. दुकान कसलं, दहा बाय बाराचा गाळा. पण काशीदपासून दिघीपर्यंत कुणी बंगल्यात होम थिएटर केलं, की भिंतीला ड्रिल मारायला प्रज्योतच जायचा. गिऱ्हाईक आलं की त्याचे तीन प्रश्न ठरलेले. खोली केवढी, उजेड किती, बसणार किती जण. दिनानाथकाकांनी यातल्या एकाचंही उत्तर दिलं नाही. पिशवीतून एक डीव्हीडी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "पाच फूट चार इंच दिसला पायजे. जास्त न्हाय, कमी न्हाय."

"काय दिसलं पाहिजे, काका?"

"माझा पोरगा."

काशीदच्या आतल्या अंगाला काकांची भातशेती. ओंकार एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, समुद्रात पोहायला उतरला तो परत आलाच नाही. देहही सापडला नाही. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकतात, पण त्याची आई, नीराबाई, हटून बसली होती. भटजींचं नाव काढलं की उठून आत जायची. शेवटी एवढंच म्हणाली, की एकदा त्याला उभा बघू दे, होता तेवढा, डोक्यापासून पायापर्यंत. मग सर्वपित्रीला काय ते करा. ओंकारचं शूटिंग एकच होतं, चुलत बहिणीच्या हळदीचं, आणि ते या डीव्हीडीत होतं.

"सर्वपित्रीला वीस दिस ऱ्हायलेत," काका म्हणाले. "दोन वर्सं पाण्यावाचून फिरतोय रे तो. मला त्याला पाणी द्यायचंय, बस."

प्रज्योतने नफ्यातोट्याचा विचार बाजूला ठेवला. दोन प्रोजेक्टर आणि दोन डीव्हीडी प्लेयर गाडीत टाकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काशीद गाठलं.

घर कौलारू, वर काचेची दोन कौलं. त्या उजेडात स्वस्तातला प्रोजेक्टर पार फिका पडला, म्हणून जास्त उजेडाचा घेतला. प्लेयरचं वेगळंच झालं. नवा कोरा प्लेयर चरे पडलेली डीव्हीडी आधी घेईचना. घेतली, तर चित्र थांबवून पाच मिनिटं झाली की मध्येच आपल्या कंपनीचं नाव नाचवायचा. नीराबाईला तर चित्र थांबवूनच बघायचं होतं. दुसरा जुना, वजनदार, कुणीतरी दुकानात दुरुस्तीला टाकून कधी न नेलेला. त्याने डीव्हीडी निमूट घेतली आणि चित्र थांबवलं ते थांबवलं.

माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. दर वाढदिवसाची एक, पुढे आकडा. सर्वांत वरचा सोळा. "डोक्यावर पुस्तक ठेवून मीच करायची," नीराबाई म्हणाली. "लबाड टाचा उचलायचा. दर टायमाला वरडायला लागायचं."

पडदा चौकटीला खेटून लावला. ओंकार मांडवाच्या खांबाशी उभा होता, अनवाणी, गालांना हळद. पाय जमिनीला टेकवून डोकं बरोबर सोळाच्या रेघेला येईपर्यंत प्रज्योत प्रोजेक्टर बोट बोट मागे घेत गेला. मग प्रोजेक्टरखालच्या फळीला स्क्रू मारले, अंतर वहीत लिहिलं. नऊ फूट दोन इंच. चित्रातला खांबही मोजून ठेवला, सात फूट एक; शेजारी उभी मुलगी आणि मागचं दारही. पुढेमागे काही हललं तर कळावं म्हणून ही त्याची सवय.

नीराबाई रडली नाही. बघत राहिली. काकांचा चेहरा मात्र दोन वर्षांनी सैल झाला असावा. त्यांनी त्याच संध्याकाळी भटजींना सांगून ठेवलं.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. "प्रज्योत, तुझं मशीन सरकलंय."

दुपारी तो गेला. ओंकारचं डोकं रेघेच्या दोन बोटं वर. प्रज्योत हसला, टेप काढली. अंतर नऊ फूट दोन. स्क्रू घट्ट. पाय जमिनीला तसेच टेकलेले. त्याने खांब मोजला. सात फूट एक. शेजारी उभ्या मुलीला मोजलं, मागच्या दाराला मोजलं. पुन्हा खांब मोजला.

खांब तेवढाच होता. मुलगी तेवढीच होती.

त्याच्या हातातली टेप सरकन आत गेली.

"काकू, कुणी हात लावला का याला?"

"कोन लावनार?" नीराबाई शांतपणे म्हणाली. "सोळाचा गेला, आता अठराचा हाय. वाढनारच की."

"अगं, काय बोलतेस तू?" काका म्हणाले.

"वाढत्या पोराचा पुतळा करत्यात व्हय?" तिने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

काका मटकन खाली बसले. "बंद कर ते," ते प्रज्योतला म्हणाले. "सगळं घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

प्रज्योतने वायर ओढली. पडदा पांढरा झाला. तो गुंडाळताना त्याला चौकट पुरती दिसली. सोळाच्या वर, पडद्याच्या कडेआड गेलेली, एक नवी रेघ होती. पुढे सतरा.

"ही काल केली," नीराबाई म्हणाली. "अठराची ऱ्हायलीय."

ती उठली. खुंटीवरच्या पिशवीतून एक जुनं शाळेचं पुस्तक काढून चौकटीपाशी आली.

प्रज्योतची नजर खाली गेली. सारवलेल्या जमिनीवर, चौकटीच्या पायाशी, पाणी होतं. पायांची दहा ओली बोटं, टोकं चौकटीपासून बाहेरच्या बाजूला. त्यांच्यामागे चवडे. चवड्यांमागे जमीन कोरडी. काका लांब बसलेले होते. नीराबाईच्या पायात चपला होत्या.

माजघरातून खारा वास येत होता.

"टाचा टेकव, लबाडा," नीराबाई म्हणाली.

चवड्यांच्या मागे, प्रज्योतच्या डोळ्यांदेखत, दोन ओल्या टाचा उमटल्या.

दिनानाथकाका भिंतीला धरून उठले. कोनाड्यातली पेन्सिल काढली, आणि तिच्या हातात दिली.