एकोणतीसनंतर वीस

"सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस..." फ्रिजला कपाळ टेकवून अनी मोठ्यांदा मोजत होता. "वीस, एकवीस, बावीस..."

दिवाणाखाली दडलेल्या आम्रपालीने कपाळावर हात मारला. तिच्या या पाच वर्षांच्या भावाची गाडी एकोणतीसला पोचली, की तीसऐवजी पुन्हा वीसवर यायची. शंभर कुठले व्हायला!

"जेवायच्या वेळेपर्यंत मोजेल हा," शेजारची तनया पडद्याआडून कुजबुजली. "रोज ह्याच्यावरच राज्य कसं गं?"

"बाबा म्हणतात, लहानाला पहिला मान."

म्हणता म्हणता आम्रपालीला काहीतरी खटकलं. हा आठवडा बाबांनी रजा घेतली होती. लॅपटॉप कपाटात, दिवसभर तुमच्याशी खेळणार, असा शब्द दिला होता. त्या शब्दाखातर तिने मैत्रिणींबरोबरचा पोहण्याचा क्लास सोडला होता. पण बाबांना खेळ एकच सुचायचा, लपाछपी. ते कधी सापडायचे नाहीत. मुलं कंटाळली की आपणच "हरलात ना?" म्हणत दारातून आत यायचे.

"आणि काय गं," तनया म्हणाली, "भर मे महिन्यात आपण घामाने निथळतो आणि काका गारेगार येतात. लपतात कुठे, माठात?"

आम्रपालीला हसू आलं नाही. तिची नजर खुंटीवर गेली होती. तिथला बाबांचा निळा इस्त्रीचा शर्ट गायब होता. लपायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो?

"गार कुठे असतं?" तिने विचारलं.

"गाडीत," तनया म्हणाली, आणि दोघी दबकत जिन्याकडे निघाल्या. अनीजवळ आजी होतीच, कैऱ्या किसत.

तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये बाबांची गाडी घुरघुरत उभी होती. काचेतून दिसलं, बाबा मांडीवर लॅपटॉप घेऊन गोड आवाजात बोलत होते. अंगात निळा शर्ट आणि खाली बदकांची हाफपॅन्ट.

"वर साहेब, खाली सुट्टी," तनया पुटपुटली.

आम्रपालीच्या सगळं लक्षात आलं. अनीला शंभरपर्यंत येत नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच राज्य रोज त्याच्यावर. बाबांनी तिला फसवलं ते तिने एकवेळ सोसलं असतं, पण त्यांनी एवढ्याशा अनीची चूक वापरली होती.

"परत जाऊ या?" तनयाने विचारलं.

"नाही. धप्पा द्यायचा."

"अगं, धप्पा राज्य घेणाऱ्याला देतात. लपणाऱ्याला नाही."

"नियम त्यांनी आधी मोडला."

तनया खांबाआड गेली आणि घोगऱ्या आवाजात ओरडली, "टँकर आलाय साहेब, गाडी काढा!"

वाघोलीत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर म्हटलं की माणूस ताटावरूनसुद्धा उठतो. बाबा लॅपटॉप डॅशबोर्डवर ठेवून दार उघडत बाहेर वाकले आणि त्यांच्या पाठीत थाप बसली.

"धप्पा, बाबा."

बाबांचा चेहरा पडला. "अगं, नीरजा मॅडमनी ऐनवेळी रजा नाकारली. मी काय करणार?"

"मी नाकारली?" लॅपटॉपमधून एका बाईंचा आवाज आला. "राकेश, रजा मंजूर होती. तूच मागे घेतलीस. म्हणालास, मुलं घरी आपली आपण रमतात."

आम्रपालीने बाबांकडे पाहिलं. बाबा बदकांकडे बघत होते.

"शाब्बास मुलींनो," मॅडम म्हणाल्या. "राकेश, आजपासून तू रजेवर. मीटिंग संपली."

वर आल्यावर तनयाने आजीला सगळं रंगवून सांगितलं. आजीने मुलाला डोळ्यांनीच झापलं आणि पोरींच्या हातात पन्ह्याचे पेले दिले. "माझ्या राकेशला शाळेत मास्तरांनासुद्धा पकडता आलं नव्हतं. हुशार गं माझी नात." आम्रपालीने पेला घेतला आणि तसाच बाजूला ठेवला.

फ्रिजजवळून आवाज येतच होता. "अठ्ठावीस, एकोणतीस..."

बाबा त्याच्यामागे गुडघ्यांवर बसले. "तीस," ते हळूच म्हणाले.

अनीने डोळ्यांवरचे हात काढले नाहीत. "बाबा, तुम्ही अजून इथेच? जा ना, लपा."

बाबांनी मदतीसाठी आम्रपालीकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

"सावकाश लपा हं," अनी म्हणाला. "शंभर व्हायला खूप वेळ आहे."