बुशातलं तेल कोणी पळवलं?

"पोहायची ट्यूब मी घेणार, डबा दादा घेणार आणि मुंगी फक्त चालणार," टकळीने जाहीर केलं. "तलाव लांब आहे. वाटेत कोणालाही उचलून घेतलं जाणार नाही."

"मला कधी उचललंयस तू?" मुंगी म्हणाली.

मुंगी नऊ वर्षांची होती आणि स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू उचलायची तिला खोडच होती. नाव त्यावरूनच पडलं होतं. ती मामांची एकुलती एक मुलगी. टकळी आणि तिचा मोठा भाऊ भिंग सुट्टीसाठी मामांकडे आले होते. टकळीचं तोंड बंद असायचं ते फक्त झोपेत. भिंगाला जाड चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसत नसे, पण चष्मा नाकावर चढला की इतरांच्या नजरेतून सुटलेलं नेमकं त्याला दिसायचं.

तलावाचा बेत इथवर आला आणि वर्कशॉपच्या दारात हातगाडी थांबली. गाडीवर डॉक्टरीणबाईंचं कपडे धुण्याचं यंत्र होतं.

"परत?" मामी आतूनच म्हणाली.

"बाई म्हणतात, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं किंचाळतंय," हातगाडीवाल्याने निरोप दिला. "आणि दुरुस्ती करून पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत, असंही म्हणाल्यात."

त्या काळी धुण्याचं यंत्र गावात मोजक्याच घरांत होतं. पांढरा गोल टब, वर कपडे पिळायला रबराचे दोन रूळ आणि खाली मोटर. ते बिघडलं की सगळे मामांकडे यायचे, कारण कंपनीची निळी पाटी फक्त त्यांच्या दारावर होती. मामांनी ती पाटी स्वतःच्या हाताने बसवली होती आणि रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तीच पुसायचे.

परत आलेलं हे चौथं यंत्र होतं.

मामांनी टब उलटा केला आणि मधल्या दांड्याभोवतीचा बुश ठोकून बाहेर काढला. बुश म्हणजे अंगठ्याएवढं, सोनेरी धातूचं नळकांडं. टब घुसळणारा दांडा त्याच्यातून फिरतो. पूर्वी त्या जागी छर्‍यांची बेअरिंग असायची, पण गेल्या हिवाळ्यापासून कंपनी हे बुश पाठवायला लागली होती. आत्ता काढलेला बुश आतून काळानिळा पडला होता.

"बोगस माल," मामा दात आवळून म्हणाले. "वीस वर्षांचा दोस्त, आणि मला बोगस माल देतोय."

दोस्त म्हणजे पेटीकाका. दोन गल्ल्या सोडून त्यांचं सुट्या भागांचं दुकान होतं, सगळा माल लाकडी पेट्यांत. गेल्या आठवड्यात मामा त्यांच्या दुकानात जाऊन नको नको ते बोलून आले होते, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. संध्याकाळचा चहासुद्धा आता दोघं आपापल्या दुकानात एकटेच प्यायचे.

"गुरुवारी कंपनीचे साहेब येणार आहेत," मामी मुलांना हळूच म्हणाली. "तक्रारी गेल्यात त्यांच्याकडे. पाटी काढून नेली, तर कंपनीचं काम गेलं. मग हे काय करतील, मला तर विचारच करवत नाही."

मुंगीने दारावरच्या पाटीकडे पाहिलं. तलावाचा बेत तिथेच बुडाला.

* * *

"पेटीकाका खरे बुश विकतात दुसऱ्याला आणि नकली देतात मामांना," टकळी म्हणाली. "सरळ आहे. आपण त्यांना रंगेहाथ पकडायचं."

"सरळ दिसतंय म्हणून मला शंका येते," भिंग म्हणाला.

"तुला सगळ्याचीच शंका येते. परवा पोह्यातल्या शेंगदाण्याची आली होती."

"तो खडा होता."

पेटीकाकांच्या समोर शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर तिघं बसली, मांडीवर टकळीची चित्रांची वही उघडी. कोणी विचारलं तर चित्र काढतोय म्हणायचं ठरलं होतं. कोणी विचारलं नाही, त्यामुळे टकळीचा जरा हिरमोडच झाला.

दुपार झाली. पेटीकाकांनी फळी अर्धी ओढली. इकडेतिकडे पाहिलं. मग एक सीलबंद खोकं फोडलं, आतले बुश काढले आणि एकेक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या पेटीत टाकायला लागले.

"बघ, बघ," टकळी कुजबुजली. "कंपनीचं खोकं फोडलं. अदलाबदल चालू आहे."

"इकडेतिकडे का पाहत होते?" मुंगीने विचारलं.

"चोरच पाहतात तसे."

"माशी होती," भिंग चष्मा पुसत म्हणाला. "पण खोकं का फोडलं, ते कळलं पाहिजे. मुंगे, चल."

भिंग आणि मुंगी दुकानात शिरले. "काका, धुण्याच्या यंत्राचा एक बुश द्या."

पेटीकाकांचा चेहरा पडला. "तुझ्या मामाने पाठवलं?"

"नाही. माझाच एक प्रयोग आहे."

"प्रयोग," काका म्हणाले. त्यांनी पेटीतून एक पुडी काढून दिली. "घे. पैसे नकोत. आणि मामाला सांग... जाऊ दे, काही सांगू नकोस."

ते स्टुलावर बसले. स्टूल जरासुद्धा हललं नाही, आणि ते का, हे मुंगीला खाली वाकल्यावर दिसलं. एका आखूड पायाखाली छापील कागदाची जाड घडी होती. घडीवर ठळक अक्षरांतला एकच शब्द दिसत होता: 'सूचना'. तिथे अजून काय लिहिलंय ते पाहायला ती आणखी वाकली, तेवढ्यात भिंगाने तिला ओढून बाहेर आणलं.

"नकली विकणारा माणूस पैसे का घेणार नाही?" बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"मन खातंय त्याला," टकळी म्हणाली आणि पुडी तिने आपल्या वहीत दाबून ठेवली.

* * *

संध्याकाळी टकळी ओरडतच आली. "माझा घोडा गेला! दोन तास काढलेला घोडा!"

वहीच्या पानावर, नेमका घोड्याच्या पोटावर, तेलाचा पिवळा डाग पडला होता. बुशाच्या पुडीचा कागदही तेलाने पारदर्शक झाला होता. भिंगाने बुश बोटांत फिरवला, दिव्यापाशी नेला, चष्मा काढून पुन्हा लावला.

"ह्याला तेल लावलेलं नाही. तेल ह्याच्या आतून येतंय," तो म्हणाला. "पुसला तरी हातात धरून गरम झाला की पुन्हा ओला. मुंगे, मामा बसवायचे बुश ज्या थाळीत ठेवतात, तिच्यातला एक आण."

मुंगी घेऊन आली. तो बुश चकचकीत होता, नव्या भांड्यासारखा. भिंगाने तो पुसला, मुठीत दाबून ऊब दिली, कोऱ्या पानावर ठेवला. पान कोरडंच राहिलं.

"सापडला नकली," टकळी म्हणाली.

"दोन्हींवर कंपनीचा शिक्का आहे. अंकसुद्धा तेच. दोन्ही पेटीकाकांच्याच पेटीतले." भिंग थांबला. "दुकानातून निघताना तेल असतं. वर्कशॉपच्या थाळीत नसतं. मधे कोणीतरी ते काढून घेतंय."

"कोण?" टकळीने डोळे बारीक केले. "हातगाडीवाला? तो कायम हात पुसत असतो."

"हातगाडीवाला बुश आणत नाही," मुंगी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "बुश बाबाच आणतात. थाळीला फक्त बाबाच हात लावतात."

टकळीने उघडी वही मिटून ठेवली.

* * *

मंगळवारी सकाळी तिघं वर्कशॉपच्या कोपऱ्यात वह्या घेऊन बसली. आपल्याच माणसावर पाळत ठेवायची म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. मुंगीने तर बाबांकडे पाहायचंच टाळलं.

मामांनी भांडणाआधी आणून ठेवलेल्या नव्या बुशांच्या पुड्या सोडल्या. डब्यात रॉकेल ओतलं आणि बुश त्यात बुडवले.

"मामा, हे कशाला?" भिंगाने शक्य तितक्या साधेपणाने विचारलं.

"कशाला म्हणजे? धुवायला," मामा खुशीत म्हणाले. कामाबद्दल कोणी विचारलं की त्यांची कळी खुलायची. "नवी बेअरिंग येते ती जुन्या चिकट ग्रीसने माखलेली, त्यात धूळ. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, न धुता बेअरिंग बसवशील तर हात मोडीन. मी चार तास भिजवतो, ब्रशने घासतो, सुकवतो आणि ताजं ग्रीस लावून बसवतो. दुसरा कोणी करेल का एवढं? कंटाळा करतात लोक."

"छर्‍यांची बेअरिंग असायची तेव्हापासून?"

"तेव्हापासून. तीस वर्षं एकदाही चुकलो नाही."

भिंगाने टकळीकडे पाहिलं. चार तास रॉकेलमध्ये. आतलं तेल थेंबाथेंबाने निघून जायला तेवढे पुरेसे होते. वरून लावलेलं ग्रीस आठवडाभर टिकत असेल, मग दांडा कोरड्या धातूवर घासायचा आणि किंचाळायचा.

बाहेर आल्यावर मुंगी भिंतीला टेकली. "माझे बाबा कधी कामचुकारपणा करत नाहीत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हणूनच तर झालं," भिंग म्हणाला. "कामचुकार असते तर धुतलेच नसते."

"पण धुवायचे नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं का नाही?" टकळी म्हणाली.

मुंगीने डोळे पुसले. तिला स्टुलाचा पाय आठवला.

* * *

साहेब गुरुवारी दहाला येणार होते, ते साडेनऊलाच आले. दोन दिवस कोणाचाच धीर झाला नव्हता, म्हणून मुलांचा बेत होता मामांना त्या सकाळी चहाच्या वेळी सांगायचा. तो बोंबलला. साहेबांच्या बॅगेतून पेचकस डोकावत होता, आणि त्यांची नजर आधी पाटीच्या चार स्क्रूंवर गेली.

"आधी एक ऐका साहेब," मामा तापून म्हणाले. "दोष माझा नाही. माल नकली येतो. देणारा दोन गल्ल्यांवर आहे, मी आत्ता त्याला तुमच्यासमोर उभा करतो. फक्त हात धुऊन येतो."

ते मागच्या नळावर गेले. भिंगाने टकळीला कोपराने ढोसलं आणि तो दारातून बाहेर पळाला.

"साहेब, बसा ना," टकळी म्हणाली. "तुमच्या कारखान्यात किती माणसं आहेत? सगळ्यांच्या घरी यंत्र आहे का? तुमचे कपडे कोण धुतं? शाईचा डाग निघतो का? घोड्याच्या चित्रावरचा तेलाचा डाग निघेल?"

साहेबांनी पेचकस काढला होता, तो त्यांना पुन्हा ठेवावा लागला. मोठमोठे अधिकारी पाहिलेला माणूस, पण टकळीसमोर त्याला एक वाक्य पुरं करता आलं नाही.

मागे नळावर मुंगी बाबांजवळ उभी होती. एका हातात तेलाचा बुश, दुसऱ्या हातात कोरडा.

"बाबा, पेटीकाकांनी काही केलं नाही," ती म्हणाली. "हा त्यांच्याकडचा. हा तुम्ही धुतलेला. तेल आत भरलेलं असतं. रॉकेलने ते निघून जातं."

मामांनी दोन्ही बुश घेतले. तेलाचा बुश मुठीत दाबला, मूठ उघडली, तळहाताकडे पाहिलं. मग दुसरा दाबला. नळ वाहतच राहिला, तो बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. मुंगीला वाटलं, आता रागावतील. त्यांनी तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

"मला आधीच का नाही सांगितलंस, वेडाबाई?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं," मामा म्हणाले. "खूप वाटलं."

ते बाहेर आले आणि साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, मघाशी मी बोललो ते चूक होतं. माल खरा आहे. मी तो रॉकेलने धूत होतो. चारही यंत्रं माझ्या हाताने बिघडली. पाटी काढायची तर काढा."

भिंग नेमका तेव्हाच पेटीकाकांना घेऊन दारात पोचला होता. काकांनी सगळं ऐकलं. त्यांच्या हातात घड्या पडून मळलेला एक कागद होता, आणि भिंगाने तो साहेबांपुढे धरायला लावला.

'सूचना. हे बुश तेल मुरवलेले आहेत. धुऊ नयेत.'

"स्टुलाखालून निघाला," पेटीकाका ओशाळून म्हणाले. "चोवीस बुशांच्या खोक्यात एकच कागद येतो. मी खोकं फोडतो, बुश सुटे गुंडाळतो, कागद... स्टूल हलायचं हो. मी वाचलाच नाही."

"साहेब," भिंग म्हणाला, "यंत्र दुरुस्त करणाऱ्याला हा कागद मिळायचा कसा? बेअरिंग बदलली तेव्हा कंपनीने मामांना पत्र पाठवलं होतं?"

साहेबांनी कागद दोनदा वाचला. घसा साफ केला. "पत्र जायला हवं होतं," ते म्हणाले. "ते काम माझ्याकडेच होतं."

पेचकस बॅगेत खोल गेला. मामांनी थाळीतले कोरडे बुश कोमट तेलात भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एक डॉक्टरीणबाईंच्या यंत्रात बसवला. साहेब मुद्दाम थांबले होते. टब घुसळायला लागला, आणि मुंगीने पत्र्याला कान लावला. आत फक्त पाण्याचा आवाज होता.

"आमच्या कारखान्यात तपासणीला बारा माणसं आहेत," साहेब म्हणाले. "ह्या तिघांनी पाहिलं ते एकालाही दिसलं नाही." मामीने तिघांना जवळ घेतलं. टकळीला साहेबांनी नवी कोरी वही दिली. पुढे आठवडाभर ती साहेबांचं ते वाक्य भेटेल त्याला ऐकवत होती.

मामा मात्र स्तुती ऐकायला थांबले नव्हते. ते मागे लाकडाचा एक तुकडा तासत बसले होते, मोजून, पुन्हा मोजून. संध्याकाळी तो खिशात टाकून ते दोन गल्ल्या चालत गेले. मुंगी मागोमाग होतीच.

पेटीकाका उभे होते. स्टूल डुगडुगत होतं, कारण त्याच्या पायाखाली आता कागद नव्हता. मामा खाली बसले आणि त्यांनी लाकडाचा तुकडा आखूड पायाला दोन खिळ्यांनी ठोकून दिला.

"मी नको ते बोललो," ते मान वर न करता म्हणाले. "चुकलं माझं."

पेटीकाकांनी स्टूल हलवून पाहिलं. ते हललं नाही. मग त्यांनी आतून दुसरं स्टूल आणलं आणि चहाचे दोन कप सांगितले.