सावरगावचं विरजण

अंबाबाईचा खोकला अख्ख्या गल्लीला पाठ होता. दोन कोरडे ठसके, मग लांबलचक खरखर आणि शेवटी "माय वं!" जन्मभर चूल फुंकून हीच काय ती कमाई केली, असं ती स्वतःच हसत म्हणायची. पण चौऱ्यांशीच्या पावसाळ्यानंतर खोकला तिला पाठ टेकू देईना. सौसरच्या डॉक्टरांनी तिच्या सुनेला, शकुंतलेला, बाजूला घेऊन सांगितलं, "धूर बंद करा. नाहीतर हा हिवाळा निघणं कठीण आहे."

अंबाबाईचा मुलगा सुखदेव पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने मागच्या अंगणात गोबर गॅसचा खड्डा बांधला, वर लोखंडी डोम बसवला, शेण कालवून भरलं. दिवाळी गेली, थंडी पडली. आतल्या गॅसने डोम थोडा वर आला खरा, पण शेगडीला काडी लावली की काडीच विझायची. चूल पुन्हा पेटली आणि खोकलाही.

"नवा खड्डा थंडीत धरत नाही, मास्तर," हिरामण मिस्त्री म्हणाला. "जुन्या खड्ड्याचं विरजण लागते."

"खड्ड्याले विरजण? दही लावून राहिले काय?" शकुंतला म्हणाली.

"तसंच समज," सुखदेव म्हणाला. शेणात डोळ्याला न दिसणारे जीव असतात, गॅस तेच सोडतात. पृथ्वीवर श्वास घ्यायजोगी हवाही नव्हती, तेव्हापासूनचे ते. त्यांना वारा सोसत नाही. ऊब आणि अंधार मिळाला की झालं.

जुना खड्डा जवळपास एकच होता. जाम नदीपलीकडे सावरगावात, भैय्याजींचा. भैय्याजी दारात खाकरले की आतल्या बायका पदर सावरायच्या, असा त्यांचा दरारा. आता ते नव्हते. गुरंही विकली गेली होती. घरात त्यांच्या पत्नी एकट्याच.

हिरामण आणि शकुंतला बैलगाडी घेऊन तिथे गेले. गुरं नव्हती, तरी डोम काठोकाठ वर आलेला होता.

"शेण कोण टाकते, काकू?" हिरामणने विचारलं.

"कोणी नाही."

हिरामण शकुंतलेकडे बघत राहिला. काकूंनी डोमला कान लावला, झोपलेल्या लेकराच्या छातीला लावावा तसा.

"न्या," त्या म्हणाल्या. "आमचे मालक दम्यानं लय बेजार होते. हा खड्डा झाला अन् त्यांचा दमा गेला. शेवटपर्यंत सुखानं झोपले. म्हणून बुजवत नाही मी."

"मग चांगलंच झालं नं, काकू," शकुंतला म्हणाली.

"हो वं. चांगलंच झालं." एवढं बोलून त्या स्वतःच बादली धरायला पुढे आल्या.

आतलं काळं पाणी त्या थंडीतही कोमट होतं. ते ड्रममध्ये भरलं, वर ओलं पोतं बांधलं आणि बैलगाडी नदी उतरली. वाटभर शकुंतलेचा हात ड्रमवर होता. मांडीवर कोणी निजलं असावं तशी त्याची ऊब लागत होती.

ते विरजण नव्या खड्ड्यात ओतलं. आठवडा गेला आणि शेगडी पेटली. निळी, स्थिर ज्योत. शकुंतला रडली, त्या स्वयंपाकघरात धुराशिवाय डोळ्यांत पाणी येण्याची ती पहिलीच वेळ. पहिला चहा अंबाबाईने घेतला. हळूहळू खोकला कमी झाला, मग थांबलाच. डॉक्टरांनी नळी छातीवर पुन्हा पुन्हा ठेवून पाहिली. "स्वच्छ आहे," ते म्हणाले, आणि जरा गोंधळल्यासारखे हसले.

पौषातल्या एका पहाटे शकुंतला दचकून उठली. दोन कोरडे ठसके. मग लांब खरखर.

ती सासूच्या खाटेकडे धावली. अंबाबाई गाढ झोपली होती. श्वास संथ.

खोकला अंगणातून येत होता.

"गॅसच्या नळीत पाणी साचलं असेल," सुखदेव म्हणाला. त्याने पाणी काढून टाकलं. पुढे बुडबुड्यांचं कारण सांगितलं, मग डोमच्या गंजाचं. खोकला रोज पहाटे येतच राहिला. शेवटी त्याने कारणं देणं सोडलं. शकुंतलेने मनाशी म्हटलं, खोकू दे. माझ्या सासूच्या छातीत नाही ना, मग कुठंही खोकू दे. त्या रात्रीपासून तिलाही शांत झोप लागू लागली.

संक्रांतीच्या आधी दोघी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. डोम खोकला.

"पाह्य वं, माहा खोकला!" अंबाबाई खळखळून हसली. "माह्यापेक्षा सुखात आहे तो."

शकुंतलाही हसली. कितीतरी दिवसांनी दोघी अशा हसत होत्या.

तेवढ्यात डोममधून दुसरा आवाज आला.

पुरुषी, जाड. घसा साफ केल्यासारखा. बायका बसलेल्या अंगणात पाऊल टाकण्याआधी वडीलधारा माणूस खाकरतो, तसा.

फाटकाला आतून कडी होती.

शकुंतलेने सासूकडे पाहिलं. अंबाबाई घाबरली नव्हती. तिने कपाळापर्यंत पदर ओढला होता, आणि शेंगांची टोपली हळूच सरकवून वाट मोकळी करून दिली होती.