सी मुख्तार यांची दुपारची गोळी

स्फाक्स शहरातल्या वृद्धाश्रमात औषधांच्या कपाटात एका परक्या माणसाचा हात दिसला, आणि परिचारिका विदादच्या मनात पाल चुकचुकली.

"कोण तुम्ही?"

तो दचकून वळला. कानामागे मोगऱ्याचा तुरा. "गस्सान. नव्या फार्मसीचा... गोळ्या मोजतोय."

"चोरही मोजूनच नेतात—"

तो हसला. चोराला इतकं छान हसता येऊ नये, असं तिला वाटलं. त्यामुळे संशय आणखी बळावला.

संशयाला कारण होतं. तीन आठवडे मधुमेही मुख्तार आजोबांची, म्हणजे सगळे आदराने ज्यांना सी मुख्तार म्हणत त्यांची, साखर चढत होती, पायाची जखम चिघळली होती. सुधारणा झाली नाही तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. गोळी तर विदाद रोज जेवणाआधी स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवत असे. मग खोट गोळीतच! आणि नव्या फार्मसीच्या गोळ्याही तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झालेल्या.

गस्सान मात्र रोज जेवणाच्या वेळी येऊ लागला. दाराशी उभा राही. तिने पाहिलं की नजर वळवी... जरा उशिराच.

चौथ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "इथे कुणाची साखर अचानक उतरते का?"

"लल्ला झुबैदा आजींची. दुपारी घामाघूम होतात. का?"

"त्या बसतात कुठे?"

विदादने मान वळवली. लल्ला झुबैदा सी मुख्तार यांच्या शेजारीच बसत. त्याच क्षणी सी मुख्तार यांनी ओठ पुसण्याच्या निमित्ताने तोंडातली गोळी मुठीत घेतली आणि लल्लांच्या पावाच्या तुकड्यावर ठेवली. "घे, तुझी राहिली."

विदादने धावत जाऊन तो तुकडा उचलला. "सी मुख्तार! लल्लांनी स्वतःची गोळी आताच घेतलीय!"

म्हातारा ओशाळला. "फार्मसी बदलली तेव्हा हिच्या गोळ्या दोन दिवस आल्या नव्हत्या, पोरी. शेजारीण उपाशी असताना एकट्याने घास गिळतात का? मग पुढे... देतच राहिलो."

"अरे खुळ्या," लल्ला कडाडल्या, "माझा जीव घ्यायला निघाला होतास! आणि तुझा पाय?" पण त्यांनी त्याचं मनगट धरलं ते सोडलं नाही.

गोळी सी मुख्तार यांच्या तोंडात गेली. विदादने जीभ वर करायला लावून खात्री करून घेतली.

बाहेर व्हरांड्यात ती गस्सानजवळ थांबली. "तो दोन दिवसांचा उशीर तुमच्यामुळे झाला."

"झाला. तो दोष माझा."

"आणि बाकीचा संशय... मी उगीच घेतला."

"मीही घेतला होता. वाटलं, तुम्हीच गोळ्या चुकवता."

"म्हणून रोज नजर ठेवायला येत होतात?"

"पहिल्या दिवशी गोळ्यांवर ठेवली—" तो अडखळला. कान लाल झाले होते.

"आणि नंतर?"

त्याने कानामागचा तुरा उगीचच नीट केला. विदादने ओठांवर आलेलं हसू कसंबसं आवरलं.

"उद्याही या," ती म्हणाली. "तुम्हाला निर्दोष ठरवण्याइतकी मी तुम्हाला अजून ओळखत नाही."