फॅनबेल्टचा सूर

त्याची गाडी चौकात किंचाळली, तेव्हा मी दोन चहा सांभाळत रस्ता ओलांडत होते. अख्ख्या चौकाने माना वळवल्या. आत बसलेला तरुण कानापर्यंत लाल झालेला. मी खिडकीशी वाकून सांगितलं, की फॅनबेल्ट सैल झालाय आणि समोरचं गॅरेज आमचंच आहे. तो बघतच राहिला... मागचा हॉर्न वाजवेपर्यंत.

तो व्हायोलिनं दुरुस्त करायचा. गाडी त्याच्याहून वयाने मोठी. मी बेल्टवर फिरणाऱ्या अल्टरनेटरचे दोन्ही बोल्ट ढिले केले, पहारीने अल्टरनेटर मागे रेटला, बेल्ट ताणला आणि बोल्ट आवळले. मग बेल्टवर मधोमध अंगठा दाबून दाखवला. अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त नाही आणि कमीही नाही. तो मन लावून ऐकत होता, पण बेल्टकडे काही बघत नव्हता.

आठवड्याने, शनिवारी, स्वारी हजर. या वेळी बेल्ट इतका घट्ट, की अल्टरनेटरचं बेअरिंग कण्हत होतं. बाबांच्या कपाळावर आठी उमटली.

आमच्या गॅरेजचा एक नियम होता. बेल्टसाठीच गाडी तिसऱ्यांदा आली, तर मेकॅनिकचा हात इंजिनावरून निघाला. वर्षभर टायर आणि पंक्चर. माझ्या चुलतभावाला ते भोगावं लागलं होतं, आणि मी लेक आहे म्हणून बाबा विरघळणाऱ्यांतले नव्हते. इंजिनापर्यंत पोचायला मला चार वर्षं लागली होती.

मी बेल्ट पुन्हा बसवला आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. कुणाला बोलले नाही. तो मात्र तासभर गप्पा मारत बसला, मी नको तेवढी हसले, आणि पुढचे सहा दिवस शनिवारची वाट बघितली. स्वतःचाच राग आला.

शनिवारी तो आला. पुन्हा तेच कण्हणं.

बाबांनी स्वतः बेल्ट दाबला. हलेना.

"उद्यापासून टायर बघ," ते म्हणाले.

पण मी म्हटलं, आधी बोल्ट बघा. रेघेचे दोन तुकडे झाले होते. बोल्ट कुणीतरी फिरवला होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं.

‘मला काय माहीत,’ एवढं म्हटलं असतं तरी त्याचं भागलं असतं. गिऱ्हाइकाला कोण खोटं पाडणार? पण त्याने चष्मा काढला, पुसला...

"मी फिरवला," तो म्हणाला. "रोज सकाळी बेल्ट छेडून बघतो. हाताला सवयच आहे. आवाज उतरल्यासारखा वाटला, म्हणून तारेसारखा चढवला. पहिल्यांदा खरंच चुकलो. दुसऱ्यांदा मात्र... सगळं माहीत होतं. बेल्ट नीट राहिला असता, तर इथे कशाला आलो असतो मी?"

बाबा पाना शोधू लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

"इंजिन हीच बघणार," शेवटी ते म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि त्याचा गळाही धरावासा वाटत होता.

"माझं काम गेलं असतं, कळतंय का?"

"आत्ता कळलं. माफ करा. परत गाडीला हात लावणार नाही."

"लावूच नका. पुढच्या शनिवारी गाडी घरी ठेवून या."

"मग काय कारण सांगू?"

"कारण कशाला लागतंय? तुम्ही मला आवडता."

गाडीखालची ठोकाठोक थांबली. थांबू दे, म्हटलं मनात. त्याने माझा हात हातात घेतला — ग्रीससकट, बाबांचे पाय दोन हात अंतरावर दिसत असताना — आणि मी तो सोडवून घेतला नाही.