भिंतीचा पहिला पावसाळा

ही गोष्ट घडलेली आहे. जिच्या बाबतीत घडली ती पद्मजा शाळेत शिकवत असे. हाती पडेल ते वाचणारी, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी बाई. पण ही हकीकत सांगताना ती दर वेळी एकाच जागी थांबायची. हसायची नाही.

लोणावळा. सन १९३७. श्रावणातला तिसरा सोमवार, दुपारचे साडेचार.

सोमवारची अर्धी शाळा म्हणून पद्मजा घरी होती. बाहेर धुकं इतकं दाट, की अंगणातली पेरूची फांदीसुद्धा दिसेना. त्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नाही. अप्पा अंगण ओलांडून, भाड्यानं दिलेल्या पुढच्या घराच्या मागच्या दाराशी गेले, एवढंच.

श्रीपादमास्तर म्हणजे अप्पा, पद्मजेचे वडील. तळेगावला जन्मभर मास्तरकी करून त्यांनी कुरवंड्याच्या वाटेवर हे कौलारू घर घेतलं होतं. घर टिकवायचं तर ते भाड्यानं देणं भाग होतं. मग आपण राहायचं कुठं? म्हणून परसात एक खोली आणि स्वयंपाकघर बांधायचं ठरलं. दगड-चुन्याचं काम कुरवंड्याच्या कोंडाजी गवंड्यानं केलं. वैशाखात भिंती उभ्या राहिल्या.

"ताई, एक सांगू का?" कोंडाजी तेव्हा म्हणाला होता. "चुन्याच्या भिंतीला एक पावसाळा खाऊ द्यावा. मंग माणसानं ऱ्हायला जावं. न्हाई तर ती माणसाला खाती."

"अरे कोंडाजी, मला खाऊन तिचं काय पोट भरणार?" अप्पा हसले होते. "नुसती हाडं!"

पद्मजा हसली नाही. रेल्वेतले ओव्हरसियर महिपतराव यांना ज्येष्ठापासून घर हवं होतं. तिनं शब्द देऊन टाकला होता.

अप्पांची खाट त्या ओल्या भिंतीला लागली. पद्मजा चुलीपाशी निजायची. तिथं ऊब होती.

तर त्या सोमवारी...

अप्पांनी दाराबाहेरच्या दगडावर वहाणा घासल्या. तीनदा. मग एकदा खोकले. मग गप्प उभे राहिले. भाडेकरूच्या घरात मालकानं बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नये, हा त्यांचा नेम.

"या मास्तर, या!" आतून महिपतरावांच्या पत्नी नंदाबाई म्हणाल्या. "स्वतःच्या घराशी असं पाहुण्यासारखं काय उभं राहायचं?"

"घर माझं, बाई. पण चूल तुमची ना!"

अर्धा तास ते शेगडीपाशी बसले. परतले तेव्हा त्यांच्या गालांवर जरा रंग आला होता.

पद्मजा म्हणाली, "अप्पा, रोज उठून जाऊ नका तिकडे. त्यांना अवघडल्यासारखं होतं."

"बरं," अप्पा म्हणाले.

थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत, ते हळूच बोलले, "पद्मा, हा एवढा पावसाळा आपण पुढच्या घरात काढला असता तर?"

तिनं कंदिलाची वात सारखी केली.

दुसऱ्या दिवशी अप्पा कुठं गेले नाहीत. ताप चढला. शुक्रवारी पहाटे ते गेले.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी पद्मजा शाळेत गेली. परतली तेव्हा नंदाबाई फाटकाशी उभ्या होत्या. हाताला पीठ तसंच.

"पद्माताई, आत्ता कुणी आलं होतं का तुमच्याकडे?"

"नाही. का हो?"

"मी पाठमोरी होते. दाराशी वहाणा घासल्याचा आवाज आला. तीनदा. मग... मग खोकला. सवयीनं मी 'या' म्हणून गेले."

"आणि?"

"कुणी आलंच नाही."

उंदीर असेल. वाऱ्यानं फांदी घासली असेल. पद्मजेनं समजूत घातली. स्वतःचीही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साडेचारला.

तिसऱ्या दिवशी महिपतरावांनी स्वतः दार उघडून पाहिलं. बाहेर फक्त धुकं. पण दगडावर वहाणांचे दोन ओले ठसे होते. टाचा अंगणाकडे, बोटं दाराकडे.

येतानाचा माग नव्हता. जातानाचाही नव्हता.

आठवड्यानं त्यांनी घर सोडलं. निघताना नंदाबाईंनी पद्मजेचा हात धरला.

"भ्याले म्हणून नाही हो जात. मास्तरांना कसली भ्यायची? पण रोज कुणीतरी दाराशी तिष्ठत उभं आहे आणि मी पोळ्या लाटतेय... घास उतरत नाही. मी बोलावते, तर येत नाहीत. माझ्या बोलावण्याची वाट नाही बघत ते."

पद्मजेनं हात सोडवून घेतला.

घर रिकामं झालं. नवा भाडेकरू येण्याआधी परसातली आपली खोलीही नीट करून घ्यावी, म्हणून तिनं कोंडाजीला बोलावलं. तो भिंतींवरून तळवा फिरवत गेला. अप्पांच्या खाटेच्या जागी थांबला. खाट तर तेराव्यालाच काढून टाकली होती.

"ताई, ह्या खोलीत कोन ऱ्हातं?"

"कुणी नाही."

"बाकीची भिंत वाळली बगा. लय झ्याक वाळली. पर हितंच..."

तिनं पाहिलं. जमिनीपासून हातभर उंचीवर भिंत ओली होती. वर रुंद, खाली निमुळती. पाठीएवढी.

"कोन टेकून बसतंय का हितं?" कोंडाजी म्हणाला. मग आपणच चपापला. थापी पिशवीत टाकली आणि पैसे न घेताच निघाला. फाटकापाशी वळून एवढंच म्हणाला, "ताई, मी सांगितलं व्हतं. पर मास्तर हसलं, अन् मी बी हसलो."

तो गेल्यावर पद्मजा पुढच्या घरात आली. शेगडी पेटवली. हातात पुस्तक घेतलं. पान उलटलं नाही.

साडेचार वाजले.

काहीच नाही.

तिनं श्वास सोडला. आणि मग...

खर्र.

खर्र.

खर्र.

वहाणा. दगडावर.

मग खोकला. तोच. आधी कोरडा, मग घशात अडकून राहणारा. वर्षानुवर्षं वर्गातली पोरं त्या खोकल्यानं गप्प बसत आली होती.

मग शांतता.

दारापलीकडे कुणीतरी उभं होतं. ढकलत नव्हतं. कडी वाजवत नव्हतं. वाट बघत होतं.

पद्मजा उठली. दारापर्यंत सहा पावलं. दाराच्या फळीला तिनं तळवा लावला. फळी गार होती. चुन्याचा ओला वास आला. या घरात चुना नव्हता. जुन्या मातीच्या भिंती होत्या.

दार उघडलं तर काय दिसेल? काही दिसलं तर? आणि... काहीच दिसलं नाही तर?

पलीकडे वहाणा जराशा हलल्या. कुणी अवघडून पाय बदलावा तशा. माघारी वळण्याआधी माणूस हलवतो, तशा.

हीच ती जागा. सांगताना ती इथंच थांबायची. नंतर काय झालं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. घर तिनं पुन्हा भाड्यानं दिलं नाही. मरेपर्यंत त्यात एकटीच राहिली. शेगडीपाशी दोन पाट मांडायची. एका पाटाखालची जमीन भर उन्हाळ्यातही ओलसर असायची, असं शेजारपाजारचे सांगत.

त्या दुपारी ती काय बोलली, तेवढं मात्र ती सांगायची. कडी काढत, धुक्याकडे न बघता, ती मोठ्यानं म्हणाली होती,

"अप्पा, चुकलं माझं. आत या. चूल आपलीच आहे."